सहा नळ्या पुरे नव्हेत

आमच्या लॅबमध्ये खडूला बंदी होती. खडूच्या भुकटीत कॅल्शियम असतं आणि आम्ही अभ्यास करायचो तो कॅल्शियमचाच, म्हणून सरांनी भिंतीवरचा फळा स्वतः स्क्रू काढून उतरवला होता. मी तिथे गेले तेव्हा तो बाहेर कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा होता आणि त्यावर कुणीतरी छत्र्या वाळत घातल्या होत्या. मग शिकवायचं कशावर, तर ओट्यावर. लॅबचे ओटे काळ्या ग्रॅनाइटचे. सर डिस्टिल्ड पाण्यात बोट बुडवायचे आणि ओट्यावर चित्र काढायचे: ही पेशी, हा तिचा केंद्रक, ही तिची दारं. तंजावरच्या उन्हाळ्यात पाण्याची रेघ मिनिटभरसुद्धा टिकत नाही. केंद्रक काढून होईपर्यंत दारं वाळून गेलेली असायची. वाळायच्या आत ज्याला कळलं त्याला कळलं. बाकीच्यांना सर म्हणायचे, "सरी, उद्यां परत ओलें करूं." "सरी" म्हणजे तमिळमध्ये "बरं".

मी बार्शीची. पीएच.डी.साठी तंजावरला निघाले तेव्हा घरचे म्हणाले, तिथे भाषेचं काय करशील. मला वाटत होतं इंग्रजीवर निभेल. पहिल्या दिवशी लॅबच्या दारात चप्पल काढत होते, तर आतून लुंगीसारखी गुंडाळलेली पांढरी वेष्टी आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेला एक उंच, काटकुळा माणूस आला आणि माझ्या चपलांकडे बघत म्हणाला, "कां मा, दारांत उभी राहून काय करूंलालीस? आंत ये."

मला हसू आवरेना. "करूंलालीस" म्हणजे "करते आहेस", आणि "मा" ही तमिळची माया. सरांचं घराणं मराठी राजांच्या अमदानीत तंजावरला आलेलं. तिकडून आणलेली मराठी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरात वापरली होती, तिला तमिळचा हेल चढला होता आणि स्वयंपाकघरातले निम्मे शब्द तमिळ झाले होते. आमच्याकडे शब्दकोशात जाऊन बसलेले शब्द सर इडली खाताना सहज वापरायचे. देवनागरी मात्र त्यांना धड वाचता येत नसे. त्यामुळे मी त्यांच्यावरचा सगळा राग माझ्या वहीत देवनागरीत लिहून ठेवायची आणि ती वही खुशाल त्यांच्या टेबलावर विसरून यायची. राग पुष्कळ होता. पहिल्या वर्षात दोन वह्या भरल्या.

राग येण्याचं मुख्य कारण म्हणजे त्यांचा संशय. सर माणसांवर कधी संशय घेत नसत, वस्तूंवर घेत. बोअरच्या पाण्यात क्षार, म्हणून काचसामान आधी ॲसिडने आणि मग तीनदा डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं. रबरी हातमोज्यांच्या आत पांढरी भुकटी असते, तिचा काय भरवसा, म्हणून हातमोजे बंद. उघड्या हातांनी काम करायचं, पण हात कोपरापर्यंत धुऊन. माझी फेस पावडर पहिल्याच आठवड्यात गेली. परीक्षानळ्यांच्या तोंडाला लावायचे कापसाचे बोळे बाजारातून आणायचे नाहीत, त्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. ते सर स्वतः वळायचे. त्यांच्या आईने आयुष्यभर समईच्या वाती वळल्या होत्या आणि तो हात त्यांच्याकडे आला होता. कापूस अंगठ्याने दाबत, फिरवत ते असा घट्ट बोळा करायचे की नळी उलटी धरली तरी निघायचा नाही.

सेल्वी अक्का आमच्या लॅबची मदतनीस. पन्नाशीची बाई, काचसामान धुणं आणि ते वाफेने निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह लावणं तिच्याकडे. रोज सकाळी ती लॅबच्या उंबऱ्याबाहेर छोटं कोलम काढायची, म्हणजे आपली रांगोळी. एक दिवस सरांनी त्या भुकटीवर ॲसिडचा थेंब टाकला. भुकटी फसफसली, म्हणजे त्यात कॅल्शियम. झालं, कोलम बंद. अक्का आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. शेवटी तांदळाच्या पिठाचं काढायचं असा तह झाला. पीठ मुंग्या खायच्या, मुंग्या लॅबमध्ये शिरायच्या, आणि सर मुंग्यांच्या रांगेकडे बघत म्हणायचे, "मुंगींत कॅल्शियम फार नसतें."

आता आम्ही करत काय होतो ते सांगायला हवं. यीस्ट म्हणजे पाव फुगवते ती. एकाच पेशीचा जीव. तिच्या बाहेर कॅल्शियम भरपूर असलं तरी आत ती अगदी थोडं ठेवते. मीठ वाढलं, उष्णता वाढली, काही संकट आलं, की तिची दारं उघडतात आणि कॅल्शियम आत येतं. सरांनी मला हे पहिल्यांदा सांगितलं ते कावेरीवरच्या जुन्या बंधाऱ्यावर, कल्लणैवर उभं करून. सुट्टीच्या दिवशी मुद्दाम बसने घेऊन गेले होते.

"दारें उघडलीं म्हणजे काय होतें?" त्यांनी विचारलं.

"पाणी सुटतं."

"पाणी सुटतें तें खरें. पण तिकडे ओरत्तनाडूचा शेतकरी बी बाहेर काढतो, तें पाणी पाहून काढितो का? पाणी अजून वाटेंतच असतें. पाणी सुटलें ही बातमी त्याला पोंचते. कॅल्शियम म्हणजे ती बातमी."

बातमी पोचते ती अशी. एक प्रथिन कॅल्शियमला पकडतं आणि दुसऱ्याला जागं करतं. दुसरं जाऊन तिसऱ्याच्या अंगावरच्या फॉस्फेटच्या खुणा काढून टाकतं. हे तिसरं तोवर केंद्रकाच्या बाहेर ताटकळत असतं. खुणा निघाल्या की त्याला आत प्रवेश मिळतो आणि ते तिथली ठरावीक जनुकं चालू करतं. त्यातली काही जनुकं असे पंप बनवतात जे आलेलं कॅल्शियम पुन्हा उपसून टाकतात. आम्ही अशा एका जनुकाच्या चालू-बंद करणाऱ्या कळीला एक रंग जोडून दिला होता. जनुक चालू असेल तर एक द्रव घातल्यावर पेशी निळ्या व्हायच्या, नाहीतर पांढऱ्या राहायच्या.

एवढं सगळं जगाला ठाऊक होतं. सरांचं वेड याच्या पुढचं होतं. त्यांचं म्हणणं, एकदा कॅल्शियमचा तडाखा बसलेली पेशी तो विसरत नाही. तिच्या लेकी, नाती, पणत्यांनी कॅल्शियम कधी बघितलं नसलं तरी त्यांच्यात ते जनुक मधूनच आपणहून चालू होतं. मी विचारलं, असं कशावरून वाटतं. तर म्हणाले, "माझीं नातवंडें चेन्नईंत. मराठी बोलत नाहींत. पण मी सांगितलेलें सगळें कळतें त्यांना. तें कोठून आलें?" मी म्हटलं, सर, हा काही पुरावा नाही. "पुरावा नव्हेच," ते म्हणाले, "म्हणून तर तुज बोलाविलें."

आणि निळा रंग येत होता. तेच तर. यीस्टच्या रोज सहा-सात पिढ्या होतात. सर रोज सकाळी साडेसहाला येऊन कालच्या नळीतलं थेंबभर नव्या नळीत घालायचे आणि आपल्या हाताने बोळा लावायचे. ज्यांच्या पूर्वजांना तडाखा बसला होता त्या या नळ्या. "नातवंडांचीं कामें मी करणार," हा त्यांचा हट्ट. ज्यांना तडाखा कधीच बसला नव्हता त्या साध्या नळ्या माझ्याकडे, दुपारी, आणि त्यांचे बोळे सरांकडून शिकून मीच वळायची. माझ्या नळ्या पांढऱ्या राहायच्या. सरांच्या नळ्यांपैकी दहातल्या तीन-चार निळ्या व्हायच्या. कधी एक, कधी पाच. पन्नास पिढ्या झाल्या, शंभर झाल्या, हजार झाल्या. यीस्ट ज्यात वाढते ते बाटलीतलं मीडियम आम्ही तीन वेळा तपासलं, त्यात कॅल्शियमचा मागमूस नव्हता. दोन वर्षांनी पेपरचा मसुदा तयार झाला आणि त्यावर पहिलं नाव माझं होतं. सरांना निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली तर लॅब चालू राहणार होती, आणि मुदतवाढीच्या अर्जात दाखवायला त्यांच्याकडे हाच एक पेपर होता.

त्यांच्या पानाबद्दल बोलायचं राहिलं. सर पानाचे शौकीन. पापनाशमकडची कोवळी पानं, सुपारी आणि पितळी डबीत चुना. लॅबमध्ये पानाचा देठही आणायचे नाहीत. सकाळचं पान आवारातल्या कडुनिंबाखाली उभं राहून, मग खळखळून चूळ, मग हात धुणं. पान खाणारे लोक बोटाला उरलेला चुना खांबाला, भिंतीला पुसतात. आपल्या गावातला प्रत्येक खांब बघा. सरांना याची विलक्षण घृणा होती. "आम्हीं कधीं भिंत खराब केली नाहीं," हे ते घराण्याचा इतिहास सांगावा तसं सांगायचे.

त्या पावसाळ्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दहा दिवस घरी बसवलं. नातवंडांची कामं बोळ्यांसकट माझ्याकडे आली. जाताना त्यांनी मला सूचनांची यादी दिली, तमिळ लिपीत लिहिलेल्या मराठीत. ती मला सेल्वी अक्काने मोठ्याने वाचून दाखवली. वाचताना तिला अर्थ कळत नव्हता आणि बघताना मला अक्षरं कळत नव्हती, पण दोघी मिळून जमलं.

दुसऱ्या दिवशी निळ्या नळ्या कमी झाल्या. तिसऱ्या दिवसापासून एकही नाही.

मी घाबरले. दोन वर्षांची पिढीजात आठवण माझ्या हाताखाली तीन दिवसांत पुसली गेली, असंच मला वाटलं. सर परत आले, डोळ्यांवर काळा चष्मा. प्रयोगाची नोंदवही बघून म्हणाले, "तुझ्या हाताला घाई आहे मा. यीस्टला घाई सोसत नाहीं." मी रात्री खोलीवर जाऊन रडले आणि माझ्या रागाच्या वहीत तीन पानं लिहिली. सरांनी कामं पुन्हा आपल्याकडे घेतली. दोन दिवसांत निळा रंग परत आला.

सर खूश झाले. मी नाही. जी आठवण दहा दिवस नाहीशी होते आणि दोन दिवसांत परत येते, तिला आठवण कसं म्हणायचं? मी त्यांना तसं स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, "विसर पडला होता. मागाहून आठवलें. माणसांचें असें होत नाहीं का?" मी तणतणत बाहेर गेले. माझा स्वभावच तसा आहे, रागावल्याशिवाय मला नीट विचार करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एक साधी गोष्ट केली. माझ्या सहा साध्या नळ्या घेतल्या, ज्यांच्या पूर्वजांना कधीही तडाखा बसलेला नव्हता. त्यांचे बोळे काढले आणि सरांच्या हातचे बोळे त्यांना लावले. संध्याकाळी सहापैकी दोन निळ्या. मग एक बोळा उलगडला, पाण्यात बुडवला आणि त्यात पीएचचा कागद घातला. कागद गडद झाला, म्हणजे पाणी अल्कधर्मी. चुना. भिंतीला पुसायचा नाही म्हणून अंगठ्याच्या नखाखाली राहिलेला, हात धुऊनही न निघणारा, कापूस दाबताना आत जाणारा चुना. नळीत जेमतेम चमचाभर मीडियम. शेकरवर ती हलली की बोळा ओला व्हायचा आणि चुना खाली उतरायचा. चुन्यात कॅल्शियम, शिवाय तो मीडियमची आम्लता घालवतो, आणि यीस्टला ते दुसरं संकट. ज्या दिवशी नखात जास्त, त्या दिवशी निळ्या नळ्या जास्त.

तीन दिवस मी गप्प बसले. खोटं कशाला सांगू. माझी फेलोशिप आठ महिन्यांत संपत होती आणि बार्शीत आई लग्नाची स्थळं बघत होती. पेपर गेला असता तर जगात कुणालाही पत्ता लागला नसता. इतरांच्या लॅबमध्ये निळा रंग आला नसता, तर ते म्हणाले असते तंजावरचं यीस्ट वेगळं. आणि सरांचं काय होईल याची मला भीती वाटत होती. ज्या माणसाने खडू, हातमोजे आणि अक्काचं कोलम बंद केलं, त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं की तो चुना तुमचा आहे?

चौथ्या दिवशी दुपारी कडुनिंबाखाली गाठून सांगितलं. सहा नळ्यांचा स्टँड आणि पीएचचा कागद हातात होता. मी एका दमात सगळं बोलून गेले. सर ऐकत होते. मग त्यांनी उजव्या हाताचा अंगठा डोळ्यांजवळ नेला. नव्या डोळ्याने त्यांना आता बारीक दिसत होतं.

"किती नळ्या केल्यास?" त्यांनी विचारलं.

"सहा."

"सहा पुरे नव्हेत. साठ कर."

"सर, हे स्पष्टच आहे."

"तुज स्पष्ट आहे. मजलाही दोन वर्षें स्पष्ट होतें."

साठ केल्या. आणि त्या कशा केल्या हे ऐकण्यासारखं आहे. चार तऱ्हेचे बोळे: सरांचे पान खाल्ल्यावर वळलेले, सरांचे पान न खाता वळलेले, माझे, आणि माझेच पण मुद्दाम चुना लावलेले. निम्म्या नळ्या नातवंडांच्या, निम्म्या साध्या. कोणती नळी कोणती हे सरांना आणि मला कळता कामा नये, म्हणून बोळे लावायचं आणि नळ्यांना नावं द्यायचं काम सेल्वी अक्काकडे. तिने भाज्यांची नावं दिली. वांगं एक, वांगं दोन, शेवगा, मुळा, पडवळ. कोणतं नाव कशाचं हे लिहिलेली किल्ली तिच्या चोळीत. तीन आठवड्यांत आम्ही हे तीनदा केलं. सर रोज साडेसहाला यायचे आणि स्वतःला खोटं ठरवणाऱ्या नळ्या तितक्याच निगुतीने हलवायचे. मी म्हटलं, एकदा झालं की सर, पुरे. ते म्हणाले, "निळें येत होतें तेव्हां मी कधीं पुरे म्हटलें का?"

शेवटच्या दिवशी अक्काने किल्ली वाचली. निळ्या नळ्या तेवढ्या शेवगा आणि पडवळ. शेवगा म्हणजे सरांचे पानानंतरचे बोळे, पडवळ म्हणजे माझे चुना लावलेले. नातवंडं की साधी, याने काही फरक पडला नव्हता. अक्का तमिळमध्ये शांतपणे म्हणाली, "म्हणजे कोलम माझं काढता येईल आता, खऱ्या भुकटीचं." सरही तमिळमध्येच म्हणाले, "नाहीं अक्का. आतां तर मुळींच नाहीं."

त्याच दुपारी ते विभागप्रमुखांकडे गेले. मी बरोबर होते. प्रमुख भला माणूस, सरांचाच जुना विद्यार्थी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. म्हणाला, सर, अर्जाचा निर्णय पुढच्या महिन्यात आहे. अर्जात पेपरचा उल्लेख आहे. खोटं बोला म्हणत नाही, फक्त पत्र येईपर्यंत थांबा, मग दुरुस्ती कळवा. एक महिना. त्यात कुणाचं काही बिघडत नाही.

सर म्हणाले, "एका महिन्यांत यीस्टच्या दोनशें पिढ्या होतात," आणि तिथेच त्याच्याकडून कोरा कागद मागून घेतला. अर्जातला पेपरचा उल्लेख काढून टाकावा, कारण त्यातला निष्कर्ष माझ्या हातून घडलेल्या अशुद्धीमुळे आलेला आहे, अशा तीन ओळी इंग्रजीत लिहिल्या. मुदतवाढ मिळाली नाही. त्यात कुणाचा दोष होता असं मला वाटत नाही. दाखवायला काही नव्हतंच.

पत्र लिहून दिलं त्या दिवशी घरी येताना मला वाटलं आता हा माणूस खचेल. दुसऱ्या दिवशी साडेसहाला आले ते स्क्रूच्या टोप्या असलेल्या नळ्यांचं खोकं घेऊन. बोळे कायमचे बंद. "रंग खोटा होता," ते म्हणाले, "प्रश्न खोटा ठरला कोठें? आठवण असते का नाहीं, हें आपण अजून पाहिलेंच नाहीं." आणि तडाखा देण्यापासून, पहिल्या पिढीपासून, सगळं पुन्हा सुरू केलं. आत शिरण्यापूर्वी सेल्वी अक्का त्यांचे हात शाळेतल्या बाईंसारखे तपासायची, पालथे, उताणे, मग नखं. सर निमूटपणे हात पुढे करायचे. एकदा तिने त्यांना परत पाठवलं, आणि ते गेले.

माझ्या प्रबंधात ते चुन्याचं प्रकरण यायलाच हवं, हाही त्यांचाच आग्रह. मला नको होतं. मी भांडले. शेवटी लिहिलं, पण "बोळे हाताने वळलेले होते" एवढंच लिहिलं, कुणाच्या हाताने ते नाही. तोंडी परीक्षेला बेंगळुरूहून परीक्षक आल्या होत्या. त्यांनी नेमकं तेच पान उघडलं. हे काम कुणाचं होतं, त्यांनी विचारलं, तुमचं? मी म्हटलं, लॅबमध्ये तशी पद्धत होती. त्या म्हणाल्या, पद्धत बोळे वळत नाही. मार्गदर्शकाने अशा वेळी बोलायचं नसतं. सर पहिल्या रांगेतून उठून उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "मी. अंगठा माझा होता. शोधलं हिने. पुढचा प्रश्न तिलाच विचारा." आणि खाली बसले. हॉलमध्ये चाळीस माणसं होती, त्यातली निम्मी त्यांचे विद्यार्थी. त्या दिवशी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा माझ्या पदवीचाही वाटला नाही.

महिन्याभराने ते निवृत्त झाले. लॅब दुसऱ्या कुणाला मिळाली. मला शेजारच्या लॅबमध्ये तात्पुरती नोकरी होती आणि तिथल्या बाईंनी इनक्युबेटरमध्ये एक कप्पा दिला. शेवटच्या दिवशीही सर साडेसहाला आले, हात दाखवले, थेंब नव्या नळ्यांत घातले, टोप्या लावल्या आणि स्टँड माझ्या हातात दिला. अजूनपर्यंत एकही नळी निळी झालेली नव्हती.

"किती दिवस चालवू सर? सापडेपर्यंत?"

"सांपडेपर्यंत नव्हे. नाहीं असें नक्की होईपर्यंत."

मी अकरा महिने चालवलं. रविवारी, पोंगलला, ताप असताना. चार वेगवेगळ्या ताकदीचे तडाखे, प्रत्येकाच्या साठ नळ्या, आणि तितक्याच साध्या. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, सोड की, तो माणूस घरी बसला, कोण विचारतंय. पण मला सोडवेना. सुरुवातीला ते सरांसाठी होतं. नंतर नंतर मलाच ते कळायला हवं होतं. एका सकाळी शेवटची आकडेमोड झाली, आणि मी कागद घेऊन त्यांच्या घरी गेले.

सर मेल वीधी नावाच्या रस्त्यावरच्या आपल्या घराच्या ओसरीवर बसले होते. मी कागद पुढे केले. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. सरांच्या पत्नी कॉफी ठेवून गेल्या, ती निवून गेली. कोणत्या नळ्या गाळल्यास, त्यांनी विचारलं. एकही नाही. टोप्या कोणी लावल्या? मी. तूं आजारी होतीस तेव्हां? तेव्हाही मीच. रंगाचा द्रव जुना तर नव्हता? दर महिन्याला नवा केला. रंग उमटतो का, हें पाहिलेंस? दर वेळी एका नळीत कॅल्शियम घालून पाहिलं, ती निळी झाली. तासभर त्यांनी मला असं उलटसुलट तपासलं. जसं होकाराला तपासायला हवं होतं तसं ते नकाराला तपासत होते. मग शेवटच्या पानाखाली त्यांनी सही केली आणि कागद नीट जुळवून माझ्याकडे दिले.

"हें छापायला धाड," ते म्हणाले. "नाहीं, म्हणून स्पष्ट लिही. कोणी दुसरा दोन वर्षें घालवायला नको."

मी हो म्हटलं. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी कागद पिशवीत घालत बसले. सर चष्मा काढून वेष्टीच्या टोकाने पुसत होते.

"मजला वाटत होतें मा," ते म्हणाले, "असेल म्हणून."